अजून न मेलेली

नांदुरा,
ता. ४ मार्च १९४८

चि. इंद्रभान यास आत्याचे आशीर्वाद.

तू सेऊलहून लिहिलेला एक शब्द सोनाळ्याच्या आपल्या घरात शिवी म्हणून वापरला जातो आहे. तो थांबवणे तुझे काम आहे, म्हणून हे पत्र. एरवी मी आपणहून कोणाला लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे.

परवा मी माहेरी गेले ती वच्छलेच्या कामासाठी. तुझा थोरला भाऊ रामराव तीन वर्षांपूर्वी गेला तेव्हापासून ती पोर त्या घरात चूल आणि गोठा यांच्यामध्ये येरझारा घालते आहे. मी पाठवलेली पुस्तके वाचून तिने सातवीची परीक्षा दिली आणि पास झाली. अमरावतीला जुलैत शिक्षिकांचा वर्ग सुरू होतो, तिथे मी तिच्यासाठी जागा मिळवली आहे. सासरच्या पुरुषाची लेखी संमती तेवढी हवी. तुझे वडील, आमचे दादा, हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. "इंद्रभान लेहीन तसं करू," असे त्यांनी दिवाळीत मला सांगितले होते.

मी ओसरीवर टेकले आणि तुझ्या आईने, रुखमावहिनींनी, आत हाक मारली, "अवं न मेलेले, आत्याबाईले पाणी आण." मला वाटले मांजराला हाकलताहेत. तांब्या घेऊन वच्छला आली. तिने वर पाहिले नाही.

मी विचारले हे काय. वहिनी म्हणाल्या, "काऊन, वाईट काय त्याच्यात? तिकडच्या बाया सोताले असंच म्हणतात. आपल्या इंद्रानं लेहलं."

दादांनी तुझे पत्र काढून दाखवले. ते रीतीप्रमाणे ओट्यावर सगळ्या गावापुढे वाचले गेले होते, आणि वच्छला दाराआड उभी होती. कोरियात विधवेला 'मिमांगिन' म्हणतात, शब्द मूळ चिनी, 'मि' म्हणजे अजून नाही, 'मांग' म्हणजे मरणे, 'इन' म्हणजे माणूस. अजून न मेलेले माणूस. पुढे तुझ्या अक्षरात आहे, 'केवढी ही नम्रता!' दादा मला म्हणाले, "पाह्य अन्ना, येवढ्या जुन्या देशातही बाई मर्यादेत राह्यते. अन् तू हिले अमरावतीले धाडाले निघाली."

तिने आणलेला तांब्या मी तसाच ठेवला.

मी स्वतः विधवा आहे. माझ्या नावामागे लोक 'गं. भा.' लिहितात. एक कपाळ झाकायला गंगा आणि भागीरथी अशा दोन नद्या ओततात. त्याचीही मला शिसारी आहे, पण नदी निदान वाहती असते. तू मात्र दहा मुलखांपलीकडून एक मढे उचलून आणलेस आणि आपल्या अंगणात ठेवलेस, आणि त्याला ज्ञान म्हणालास.

मी कॉलेजात संस्कृत शिकले. शब्द कुठून आला हे शोधण्यात किती गोडी असते ते मला तुझ्याकडून शिकायचे नाही. पण तू शब्दाचा अर्थ विचारलास आणि उठलास. तो कोणी, कोणाबद्दल उच्चारायचा, हे विचारलेस का? नसेल तर विचार. आणि वच्छलेच्या संमतीचे दोन ओळींचे पत्र दादांच्या नावे उलट टपालाने धाड.

तुझी आत्या,
अन्नपूर्णाबाई


सेऊल,
ता. २९ मार्च १९४८

गं. भा. आत्याबाई यांस,
इंद्रभानचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले पत्र पोचले. आपण रागावलात याचे वाईट वाटले. आई फटकळ आहे, मनात काही नसते तिच्या. शब्दाचा दोष माझ्या माथी मारू नये.

इथले माझे काम आपल्याला माहीतच आहे. निवडणुकीवर देखरेख करायला संयुक्त राष्ट्रसंघाने जे मंडळ धाडले, त्यातल्या आपल्या लोकांच्या कचेरीत मी टंकलेखक. काम संपले की हान नावाचे एक म्हातारे मास्तर मला भाषा शिकवतात. जपान्यांनी त्यांची शाळा बंद केली होती. गुडघ्याशी पाटी घेऊन बसतात, कुंचल्याने आधी चिनी अक्षर काढतात, मग त्याचा कोरियन उच्चार सांगतात. आपल्या मराठीत जशी संस्कृतची भर, तशी यांच्या भाषेत चिनीची. घरगुती बोलणे त्यांचे स्वतःचे, आणि शाळा-कचेरी-ग्रंथ आले की चिनी.

आपल्याला गोडी आहे म्हणून थोडे लिहितो. कापसाला 'मोख्वा', म्हणजे झाडाचे फूल. नांदुऱ्याच्या जिनात ढीग पाहून कोणाला हे सुचले असते का? मास्तरांना 'सॉनसेंग', म्हणजे आधी जन्मलेला. वचनाला 'याकसोक', त्यातली दोन्ही अक्षरे बांधण्याची, जशी कडब्याची पेंडी बांधतात. घरच्या माणसांना 'शिक्कू', म्हणजे खाणारी तोंडे. हे वाचून मला आईच आठवली. आणि आपल्याला आवडेल असा एक, 'छाल्ला'. तो आपला 'क्षण' आहे. बौद्धांच्या पोथ्यांबरोबर चीनमध्ये गेला, तिथली अक्षरे अंगावर घेतली आणि इथे येऊन बसला. मला पाटीवर तो भेटला तेव्हा बाजारात गाववाला भेटावा तसे झाले.

मिमांगिनबद्दल मास्तरांना सवडीने विचारीन. पण आत्याबाई, तो अपमानाचा शब्द नाही, मोठ्या घराण्यात वापरतात. आपण स्वतः त्या दुःखातून गेलात, म्हणून आपल्याला जास्त लागले असावे.

संमतीचे म्हणाल, तर मी इतक्या लांब. वडिलांच्या मर्जीविरुद्ध कागदावर कसे लिहू? वच्छलावहिनी घरात आहेत म्हणून आईला आधार आहे आणि विमललाही जावेची सोबत आहे. मी परतलो की बसून बोलू. घरी आजच एक मोठे पत्र टाकले आहे. विमललाही त्यातले शब्द ऐकून गंमत वाटेल.

आपला,
इंद्रभान


नांदुरा,
ता. २८ एप्रिल १९४८

इंद्रभान,

तुझे ते मोठे पत्र सोनाळ्याला पोचले. कसे पोचले ते लिहिते. मध्ये थांबू नको, शेवटपर्यंत वाच.

परदेशी तिकिटाचा वाटेत कोणाला तरी मोह झाला. त्याने ते सोडवत बसण्याऐवजी पाकिटाचा कोपराच फाडून घेतला, आतल्या कागदाच्या कोपऱ्यासकट. कोपरा फाटलेले पत्र आपल्याकडे कशाचे असते ते तू विसरला नसशील. पुंजाजी टपालवाल्याने ते उंबऱ्याच्या आत आणले नाही. अंगणात दगडावर ठेवले, डोक्याचे पागोटे काढले आणि गेला. परदेशातून येणारे पत्र या घरात एकाच माणसाचे. मग उघडून वाचायचे काय राहिले?

कोणी वाचले नाही. मृत्यूचे पत्र घरात न्यायचे नसते म्हणून गड्याने ते काठीने उचलून गोठ्याच्या पाख्यात खोसले. वहिनींनी टाहो फोडला. भावकीतल्या बाया जमल्या. त्यांतल्या सोजराबाईने विमलला धरून पाट्यापाशी बसवले आणि तुझ्या आईने स्वतःच्या हाताने तिच्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली. कुंकू ओल्या पदराने पुसले. पोर रडतही नव्हती. सोजराबाई तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "रडून घे बाई. आता तू न मेलेली."

पाहिलेस? तुझा शब्द घरात तयारच होता. बसायला पाट मांडून ठेवावा तसा.

वच्छला तेवढी गोठ्यात गेली. तिने पत्र पाख्यातून काढले, वाचले, आणि अंगणात येऊन म्हणाली, "भाऊजी जिते हायेत. हे त्यायचंच अक्षर हाय. खुशाल आहे म्हून लेहलं."

वहिनींनी ते तिच्या हातातून पाडले. "तुह्या तोंडानं जित्याचं नाव घेऊ नको. तुले वाचता येते म्हून आमाले शिकवतं काय वं?"

दादाही म्हणाले, "मौतीचं पत्र बाप हाती धरत नाही. माणूस येऊ दे. वाचीन कोणीतरी."

माणूस म्हणजे पुरुष. शाळेचा मास्तर वरवटला गेला होता. म्हणून घरात सातवी पास बाई असताना, हातात पत्र असताना, तुझी बायको रात्रभर तुझी विधवा होऊन बसली. वच्छला तिच्याशेजारी बसून राहिली आणि तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "माह्यावर इस्वास ठेव." माझ्याकडे माणूस धाडला होता. मी दुसऱ्या दिवशी पोचले. अंगणात पडलेले पत्र उचलले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले. मी बाई आहे, विधवा आहे, पण मला इंग्रजी येते, म्हणून माझ्यावर विश्वास बसला. या फरकाची मला वच्छलेपुढे इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

तू काय लिहिले होतेस? 'मी खुशाल आहे.' आणि खाली पुन्हा मिमांगिन. पाच ओळी. सोनाळ्याच्या बायांनीही तिकडच्या मोठ्या घराण्यांतल्या बायांसारखे असावे, अशी मल्लिनाथी. मी तीही मोठ्याने वाचली. विमल समोर बसली होती. मनगटाला चिंधी होती.

मग रडण्याचे हसणे झाले. वहिनींनी कासाराला बोलावणे धाडले, ओटीचे सामान काढले आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर वच्छलेला म्हणाल्या, "तू आत जाय. बांगड्या भराची येळ हाय."

विमलने हात मागे घेतला. म्हणाली, "ज्या हातानं फोडल्या, त्या हातानं नका भरू. भरीन त जाऊबाईच्या हातानं भरीन."

"काय बोलतं तू, समजते काय तुले?" वहिनी म्हणाल्या. "सवाशीण हायस तू."

"काल न्हवती," विमल म्हणाली.

तिचे हात अजून उघडे आहेत. त्या घरात हे रोज सगळ्यांना दिसते आहे.

तुझा 'क्षण' चीनवरून कोरियात गेला हे वाचून दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला आनंद झाला असता. 'शिक्कू'चे म्हणशील, तर आपल्या घरात तोंड खाण्यासाठी मोजतात आणि बोलण्यासाठी मोजत नाहीत. आणि 'आधी जन्मलेला' म्हणून कोणी गुरू होत नसतो. दादा माझ्या आधी जन्मले आहेत.

मला जास्त का लागले, याचे कारण तू माझ्या कपाळात शोधलेस. आता विमलच्या मनगटात शोध.

अन्नपूर्णाबाई


सेऊल,
ता. २१ मे १९४८

आत्याबाईंच्या सेवेशी,

आपले पत्र कचेरीत उघडले. मग तीन दिवस काम सुचले नाही. इथली निवडणूक होऊन गेली, सगळीकडे गडबड आहे, पण मला काही आठवत नाही.

कोपरा मी फाडला नव्हता, असे लिहायला घेतले होते. लिहून खोडले. आपण म्हणाला असता की तो प्रश्नच नाही.

हान मास्तरांकडे गेलो. आपण मार्चमध्ये विचारलेला प्रश्न त्यांना मे महिन्यात विचारला. ते म्हणाले, हा शब्द फार जुन्या चिनी बखरीत आहे. एका राजाच्या विधवेने तो दरबाराच्या माणसाला बोलताना स्वतःबद्दल वापरला. मी अजून मरायची राहिले आहे, आणि तुम्ही माझ्या दाराशी नाचगाणी कसली करता, असे तिने त्याला झापले. म्हणजे तो शब्द तिच्या तोंडी होता, आणि रागाचा होता. पुढे लोकांनी तो तिच्या तोंडातून काढून घेतला आणि सगळ्याच विधवांच्या अंगावर टाकला. "आता पुष्कळ लोक म्हणतात," ते म्हणाले, "म्हणून तो बरा होत नाही."

मला आपली रीत आठवली. आपण पाहुण्याला म्हणतो, गरिबाघरी चटणी-भाकर खायला या. ते आपण आपल्या घराबद्दल म्हणतो. पाहुण्याने जेवून उठताना 'तुमच्या गरिबाघरची चटणी-भाकर खाल्ली' म्हटले तर बाबा त्याला पुन्हा उंबरा चढू देणार नाहीत. इतकी साधी गोष्ट होती. ती मला घरी शिकवली गेली होती आणि तरी मला कळली नाही, कारण बाईबद्दल होती.

मग मास्तरांनी विचारले, "तुमच्या घरी हा शब्द ती बाई स्वतः म्हणते का?"

मी म्हणालो, "नाही. माझी आई म्हणते. मी शिकवला."

त्यांनी पाटी पुसली. नुसती पुसली नाही, पाण्याने धुतली, आणि फडकेही धुतले. त्यांची सून चहा घेऊन आली होती. तिच्या नवऱ्याला जपान्यांनी खाणीत नेले, तो परत आला नाही. मास्तर तिच्याकडे पाहत मला म्हणाले, "आमच्या घरात हिला एकच नाव आहे. शिक्कू." त्या दिवशी त्यांनी पुढे शिकवले नाही. मी निघालो तेव्हा ते उठून दारापर्यंत आले नाहीत. दर वेळी येतात.

सोबत बाबांच्या नावे संमतीचे पत्र आहे, सहीनिशी. वहिनींनी अमरावतीला जावे, परतल्यावर कुठे राहायचे ते त्यांनी ठरवावे. आईला वेगळे लिहिले आहे की तो शब्द घरात पुन्हा उच्चारला तर मी त्या घरात येणार नाही. हे माझे याकसोक समजावे.

विमलला दोन पत्रे घातली. उत्तर नाही. आपण तिला माझ्यातर्फे दोन गोड शब्द सांगाल का?

आपला,
इंद्रभान


नांदुरा,
ता. २७ जून १९४८

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

गोड शब्द मी सांगितले नाहीत. शब्दांची तुझ्याकडे कमी नाही, तूच सांग, आणि समोर उभा राहून सांग. तिने काय निरोप दिला तो खाली येईल.

तू या पत्रात माझ्या नावामागच्या नद्या गाळल्यास, हे माझ्या ध्यानात आले.

संमतीपत्र घेऊन मी काल सोनाळ्याला गेले. दादांनी ते स्वतः वाचले, मग गडी-माणसांसमोर पुन्हा वाचून घेतले. म्हणाले, "आता लेखीच आलं, तर मी काय बोलू?" तीन वर्षे काही न बोलणारा माणूस या सबबीवर सुटला. माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला अशी किळस वाटेल, असे मला वाटले नव्हते. वहिनींची किळस तरी उघड असते. त्या ओरडतात, हात उगारतात, निदान दिसतात. दादा नुसते बसून असतात आणि त्यांच्या बसण्याखाली माणसे चेंगरतात.

वहिनी म्हणाल्या, "जाचं त जाय म्हणा. पण घरचं काही नेऊ नको म्हणा." वच्छलेने ट्रंक उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. रामरावाचा फोटो बाहेर काढला. वच्छला म्हणाली, "तो तुमच्यापाशी राहू द्या. तुमचा पोरगा हाय तो." त्यावर वहिनींनी फोटो परत ट्रंकेत ठेवला. हे लिहिले पाहिजे म्हणून लिहिते. त्याने बाकीचे पुसले जात नाही.

गाडी जुंपली तेव्हा विमल कासाराकडून घेतलेल्या बांगड्या पदरातून काढून अंगणात त्याच पाट्यापाशी जाऊन बसली. हात पुढे केला. म्हणाली, "जाऊबाई, या."

वच्छला जागची हलेना. सोजराबाई दारातून म्हणाली, "नको वं, अपशकुन हाय."

विमल म्हणाली, "माह्या शकुनाच्या बांगड्या तुमी साऱ्यांनी मिळून फोडल्या. हिनं नाही फोडल्या."

वच्छलेने भरल्या. एक पिचकली. विमलने ती बाजूला ठेवली आणि दुसरी पुढे केली. वहिनी पाहत होत्या. आत गेल्या नाहीत, आडही आल्या नाहीत.

तुझ्या विधवेपणाची रात्र तिने अशी संपवली. तुला तिने पत्र लिहिलेले नाही, निरोप दिला आहे. म्हणाली, "त्यायले सांगा, आता पत्र नको. माणूस पाह्यजे."

निघताना दादा म्हणाले, "अन्ना, काय काय नेलं ते लेहून दे. उद्या कोणी बोललं त कागद पाह्यजे." मी तिथेच ओट्यावर लिहून दिले. शेवटच्या कलमावर त्यांनी बोट ठेवले. "हे काऊन लेहलं?" मी म्हणाले, "तुमच्या घरातून नेताना ते लिहून घ्यावे लागते." त्यांनी सही केली. नक्कल तुझ्यासाठी उतरवून देते.

सोनाळा, ता. २६ जून १९४८. उकंडराव देशमुख यांच्या घरून अन्नपूर्णाबाई यांनी ताब्यात घेतले ते असे:

लोखंडी ट्रंक, कुलपासकट.
लुगडी, नेसते धरून तीन. गोधडी एक.
सातवी पास झाल्याचा दाखला.
कै. रामराव यांचा फोटो. सासूबाईंनी स्वतः ठेवला.
चि. इंद्रभान याचे पत्र, कोपरा नसलेले. विमलने दिले. ज्याचे त्याला परत करण्यासाठी.
वच्छलाबाई रामराव देशमुख, शिक्षणासाठी. जिवंत.

वरीलप्रमाणे दिले.
सही, उकंडराव